शिकारी जातीच्या कुत्र्याचा कान फाटला तर: रक्त, फुगा, कुसळ आणि टाके

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरहून खंडवा रस्त्याला सिमरोलच्या पुढे शेत आहे. तिथली तीन वर्षांची, २४ किलोची कारवान जातीची कुत्री रात्री गव्हात शिरलेल्या रानडुकराच्या मागे धावली आणि डावा कान कडेपासून आत दोनेक सेंटिमीटर फाडून घेऊन आली. घरच्यांनी हळद दाबून सुती पट्टी बांधली. तिने तासाभरात पट्टी उडवली आणि ओसरीच्या भिंतींवर रक्ताचे शिंतोडे उडाले. आज चौथा दिवस आहे. फाट उघडीच आहे, कान आतल्या बाजूने उशीसारखा फुगलाय, थोडा वास येतोय आणि डोकं झटकणं थांबत नाही. आता टाके घालता येतील का, फुगा घरी सुईने फोडावा का, दुखण्यासाठी आपली माणसांची गोळी चालेल का, असं विचारलं आहे.

आधी उत्तरं. टाके पडतील, पण पहिल्या रात्री पडले असते तसे नाहीत. जखम आधी साफ करून, मेलेल्या कडा काढूनच. फुगा घरी फोडू नका. माणसांची गोळी देऊ नका. आणि वास येतोय म्हणजे उद्यावर न टाकता आजच डॉक्टरकडे न्या, कारण चौथ्या दिवशी येणारा वास हा पुवाचा असतो किंवा अळ्यांचा.

आता सविस्तर. कानाच्या जखमेत घरच्यांचं सगळं लक्ष फाटेकडे असतं, पण खरा शत्रू आहे डोक्याचं झटकणं. तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारी, म्हणजे न थांबणारं रक्त, निघून गेलेली पट्टी, न मिटणारी फाट आणि नंतर आलेला फुगा, या एकाच गोष्टीतून आल्या आहेत. कान हलता राहिला तर उत्तम टाकेसुद्धा उसवतात. कान डोक्याला धरून गप्प राहिला तर लहान फाट टाक्यांशिवायही भरून येते. त्यामुळे पुढे जे काही सांगतो, त्यात प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी शोधा: कान स्थिर कसा ठेवायचा, आणि ती डोकं का झटकते आहे.

कानाची पाळी म्हणजे दोन बाजूंच्या कातडीमध्ये पातळ कूर्चा (लवचिक, मऊ हाडासारखा थर), पुरणपोळीतल्या पुरणासारखी. मुख्य धमनीच्या तीन शाखा पाळीच्या बाहेरच्या, केसाळ बाजूने मुळापासून टोकाकडे उभ्या जातात आणि त्यांचे बारीक फाटे कूर्चेतल्या छिद्रांतून आतल्या बाजूला येतात. मांस किंवा चरबी जवळजवळ नाहीच. म्हणून इथे कापलं की रक्तवाहिनी आक्रसून बंद व्हायला आजूबाजूला आधार मिळत नाही. त्यात कुत्रीने डोकं झटकलं की पाळीचं टोक चाबकासारखं फिरतं, रक्त टोकाकडे फेकलं जातं आणि नुकती धरलेली गुठळी उडून जाते. कारवान, मुधोळ यांची पाळी पातळ आणि लोंबती असते, त्यावर केसही आखूड. बीगल, लॅब्राडोर, कॉकर यांची जाड असते, पण लांब असल्याने तीही तितकीच आपटते.

भिंतीवरचं रक्त बघून घरचे घाबरतात, ते स्वाभाविक आहे. पण हिशेब करा: कुत्र्याच्या शरीरात दर किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं, म्हणजे २४ किलोच्या कुत्रीत दोन लिटरच्या आसपास. चहाच्या दोन कपांएवढं रक्त भिंतीवर उडालं तर खोली कत्तलखान्यासारखी दिसते, पण धडधाकट कुत्री तेवढं सोसते. काळजी कधी करायची? हिरड्या फिकट किंवा पांढुरक्या दिसल्या, हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले, किंवा ती उभी राहायला नको म्हणायला लागली तर.

डुकराशी झटापट झाली असेल तर एक गोष्ट कानाच्या आधी करायची, आणि हीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. कानाचं रक्त डोळ्यांत भरतं. सुळ्याने छातीत किंवा जांघेत पाडलेली दोन सेंटिमीटरची चीर केसांत लपून राहते. डुकराचा सुळा सुरीसारखा वर ओढला जातो, त्यामुळे बाहेर छोटी फट आणि आत खोल खिसा असं होतं. आधी शेपटीपासून गळ्यापर्यंत दोन्ही हात उलट्या केसांनी फिरवा. ओलसर वाटलं तिथे केस बाजूला करून बघा. काखा, जांघा, पोट नीट तपासा. छातीच्या जखमेतून श्वासाबरोबर फुसफुस आवाज येत असेल, पोट ताठ होत असेल किंवा श्वास उथळ आणि भरभर असेल तर कान तसाच राहू द्या, छातीच्या भोकावर स्वच्छ ओला गॉझ दाबून धरा आणि निघा. चोरल, मानपूरच्या बाजूला बिबट्याचाही वावर आहे. त्याचा चावा मानेवर असतो आणि बाहेरून चार टोचणीएवढीच भोकं दिसतात.

पहिल्या तासात काय करायला हवं होतं तेही सांगतो, कारण पुन्हा वेळ येईल. एकाने कुत्रीला भिंतीच्या कोपऱ्यात, अंगाला टेकवून धरायचं. स्वतःचीच कुत्री असली तरी दुखऱ्या कानाला हात लागला की चावते, म्हणून सुती पट्टीचा फास नाकाडावर एकदा वर, एकदा हनुवटीखाली आणि मग कानांमागे गाठ असा बांधायचा. ती धापा टाकत असेल, ओकत असेल किंवा मे महिन्याची दुपार असेल तर तोंड बांधू नका; कुत्र्याचं अंग तोंडानेच थंड होतं. मग पाळीच्या दोन्ही बाजूंना गॉझच्या चार-चार पदरी घड्या ठेवून तळव्यात पाळी सँडविचसारखी दाबून धरायची. घड्याळ लावून दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही. बघितलं की गुठळी गॉझला चिकटून निघते आणि दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. गॉझ भिजला तर वरून दुसरा ठेवा, खालचा काढू नका.

हळद, कॉफी, राख, चुना, तंबाखू यातलं काही जखमेत भरू नका. रक्त त्यांच्यामुळे थांबत नाही, आपल्या बोटांच्या दाबामुळे थांबतं, आणि श्रेय हळदीला जातं. नंतर डॉक्टरला तो सगळा चिखल कूर्चेवरून खरवडून काढावा लागतो. तुरटीने बारीक ओरखड्याचं रक्त खरोखर थांबतं, पण ती झोंबते. झोंबली की कुत्री डोकं झटकते आणि आपण पुन्हा तिथेच.

रक्त थांबल्यावर धुणं. मेडिकलमध्ये मिळणारी नॉर्मल सलाइनची ५०० मिलीची बाटली सर्वांत चांगली. नसेल तर एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात ९ ग्रॅम मीठ घाला. चहाचा सपाट दीड चमचा होतो. २० मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, जखमेच्या आतून बाहेर धार मारा. त्याआधी कानाच्या भोकात कापसाचा बोळा हलका बसवा, म्हणजे घाण आणि पाणी आत उतरणार नाही, आणि नंतर तो आठवणीने काढा. पोविडोन आयोडीन वापरायचं तर पातळ करून: ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर ५०० मिली सलाइनमध्ये १० मिली, म्हणजे कोऱ्या चहासारखा फिका रंग येतो. घट्ट द्रावण जंतूंबरोबर नव्याने भरणाऱ्या पेशीही मारतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. फेस बघून समाधान वाटतं, पण जखम उशिरा भरते. यातलं कुठलंही औषध कानाच्या नळीत ओतू नका. पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडीन किंवा जेंटामायसिन मधल्या कानातून पुढे आतल्या कानात पोचतं आणि बहिरेपण किंवा तोल जाणं मागे ठेवून जातं.

आता बांधणं, ज्यावर सगळं अवलंबून आहे. तुमची पट्टी तासाभरात उडाली, कारण ती लोंबत्या पाळीभोवती बांधली होती. पाळी डोक्यावर उलटी पाडायची असते: लोंबता कान वर उचलून टाळूवर झोपवा, म्हणजे त्याची आतली गुलाबी बाजू आकाशाकडे येईल. टाळू आणि पाळी यांच्यामध्ये एक गॉझची घडी, पाळीच्या वर दुसरी, त्यावर कापसाचा पातळ थर. मग तीन इंची क्रेप बँडेज टाळूवरून सुरू करून चांगल्या कानाच्या पुढून खाली, गळ्याखालून वर, पुन्हा टाळूवर. पुढचा वेढा चांगल्या कानाच्या मागून. असे आळीपाळीने चार-पाच वेढे. चांगला कान बाहेर मोकळा राहिला पाहिजे, कारण तोच खुंटीचं काम करतो. त्याच्या पुढून आणि मागून गेलेली पट्टी ना डोळ्यांवर सरकते ना मानेवर उतरते. दोन्ही कान आत घेतले की पट्टी टोपीसारखी निघून येते. शेवटचं टोक चिकटपट्टीने बँडेजलाच चिकटवा, केसांना नाही. रबरबँड तर कधीच नको. तो केसांत दिसेनासा होतो आणि कातडी कापत जातो.

गळ्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कुत्री उभी असताना सैल वाटणारी पट्टी ती मान खाली घालून झोपली की आवळते, म्हणून झोपल्यावर पुन्हा बोटं घालून बघा. घोरल्यासारखा आवाज, जीभ निळसर, चेहरा सुजलेला, असं काहीही दिसलं तर पट्टी तिथल्या तिथे कापा. कापण्यासाठी एक साधी खबरदारी: बांधून झाल्यावर आत पाळी कुठे आहे तिची रेघ बँडेजवर पेनने काढून ठेवा. पट्टी काढताना कात्रीने कानाचंच टोक कापलं गेल्याची प्रकरणं दवाखान्यात येतात आणि ती टाळता येण्यासारखी असतात.

बँडेज नसेल तर जुना लांब मोजा पुढून कापून नळी करा, किंवा बनियनची बाही घ्या, आणि कान टाळूवर पाडून डोक्यावरून चढवा. डोळ्यांच्या मागे आणि गळ्यावर सैल बसला पाहिजे. सिमरोलहून इंदूरला किंवा महूला येईपर्यंत हे पुरतं. बरोबरीने गळ्यात प्लॅस्टिकचा कोन हवाच, नाहीतर मागच्या पायाने पट्टी ओरबाडते.

वीस मिनिटं दाब देऊनही रक्त थांबलं नाही तर दोन शक्यता: धमनीची शाखा कापली गेली आहे, किंवा रक्तच गोठत नाही. दुसरी शक्यता आपल्याकडे विसरून चालणार नाही. माळव्यात पावसाळा आणि त्यानंतरचे महिने गोचिडांचे. गोचिडतापात, विशेषतः एर्लिकियात, प्लेटलेट खूप खाली जातात, आणि कुत्री वरवर बरी दिसत असताना छोट्या ओरखड्यातून तासन् तास रक्त ठिबकतं. अंगावर गोचीड सापडत असतील, पोटाच्या कातडीवर किंवा हिरडीवर लाल-जांभळे ठिपके असतील, गेल्या महिन्यात ताप येऊन गेला असेल, तर डॉक्टरला आवर्जून सांगा आणि टाक्यांच्या आधी रक्त तपासायला लावा.

टाके कधी? कडेपर्यंत पोचलेली एक सेंटिमीटरपेक्षा मोठी फाट, आरपार भोक, लोंबणारा तुकडा, किंवा उघडी पडलेली कूर्चा, यांना टाके लागतात. फक्त एका बाजूच्या कातडीवरची उथळ चीर कान बांधून ठेवला तर आपोआप भरते. वेळ महत्त्वाची: पहिले सहा ते आठ तास सर्वांत चांगले. त्यानंतर, आणि चाव्याच्या जखमेत तर आधीपासूनच, जंतू आत असतात. अशी जखम लगेच बंद केली की पू आत कोंडतो. म्हणून तुमच्या बाबतीत डॉक्टर बहुधा आधी दोन-तीन दिवस धुणं आणि ड्रेसिंग करतील आणि मग कडा ताज्या करून टाके घालतील. हा निष्काळजीपणा समजू नका; घाई करणारा डॉक्टर इथे वाईट.

टाके नीट पडले आहेत का हे मालकाला कळावं, म्हणून पद्धत सांगतो. केस दोन्ही बाजूंनी कापलेले असावेत. पहिला टाका नेमका पाळीच्या कडेवर पडतो, म्हणजे कडेची रेघ जुळते; आतून सुरुवात करून कडेकडे गेलं तर शेवटी खाच राहते आणि तीच खाच पुढे झुडपांत अडकून पुन्हा फाटते. आरपार फाटीत आतली आणि बाहेरची कातडी वेगवेगळी शिवायची. कूर्चा बाहेर डोकावत असेल तर ती मिलिमीटरभर मागे कापतात, म्हणजे कातडी तिच्यावरून मिटते. उघडी राहिलेली कूर्चा भरत नाही आणि वास मारते. दोरा बहुतेक ३-० किंवा ४-० जाडीच्या नायलॉनचा. गाठी सैलसर, कारण दुसऱ्या दिवशी सूज येतेच आणि आवळलेला टाका कातडी कापतो. १० ते १४ दिवसांनी काढायचे. टोकाचा तुकडा गेलाच असेल तर तो परत जोडायचा हट्ट धरू नका. कड गोल करून शिवली की कुत्रीला काही अडत नाही.

कारवान, मुधोळ, रामपूर, ग्रेहाउंड यांच्या मालकांनी भुलीआधी एक वाक्य बोललंच पाहिजे: ‘ही साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार करणारी जात आहे, थायोपेन्टोन नको.’ या जातींच्या अंगात चरबी फार कमी असते आणि यकृत हे भुलीचं औषध हळू निचरतं, त्यामुळे बाकीची कुत्री तासाभरात उठतात तिथे या कितीतरी तास पडून राहतात, अंग गार पडतं, आणि कधी जीवावर बेततं. प्रोपोफॉलसारखे पर्याय आहेत. अनुभवी डॉक्टरला हे माहीत असतं, पण दवाखान्यातल्या गर्दीत जात विचारायची राहून जाऊ शकते, आणि सांगायला आपलं काही जात नाही. जाताना सहा-आठ तास खाणं बंद, पाणी चालेल. शुद्धीवर येताना अंगावर घोंगडी घाला.

आता फुगा. डोकं झटकताना कूर्चेला बारीक तडे जातात, तिच्यातून येणाऱ्या त्या छोट्या वाहिन्या तुटतात आणि रक्त कूर्चेच्या थरात साठतं. फुगा बहुतेक आतल्या बाजूने येतो, हाताला मऊ आणि कोमट लागतो. सुईने काढलं तर पाच मिनिटांत कान सपाट होतो आणि दोन दिवसांत पुन्हा भरतो, कारण पोकळी तशीच असते. त्यात घरची सुई जंतू घेऊन जाते आणि साध्या रक्ताचा पू होतो. काहीच केलं नाही तर दोनेक आठवड्यांत आतलं रक्त आक्रसून दोऱ्यांसारखं होतं आणि कान चुरगळलेल्या पुठ्ठ्यासारखा वाळतो. दिसायला वाईट हा भाग सोडा, अशा कानाचं भोक अरुंद होऊन आत हवा जात नाही आणि पुढे कायमची कानदुखी मागे लागते.

उपाय तीन. लहान, ताजा फुगा असेल तर निर्जंतुक पद्धतीने रिकामा करून आत स्टेरॉइड सोडतात आणि कान बांधतात. काही वेळा दोन-तीनदा करावं लागतं. मध्यम फुग्यात नळी ठेवतात. गाईच्या सडात घालायची बारीक प्लॅस्टिकची नळी त्याला छान बसते, आणि गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे ती हमखास असते. ती दोन-तीन आठवडे टाक्यांनी अडकवून ठेवतात आणि रोज पाळी टोकाकडून नळीकडे दाबून निचरा करतात. मोठा, जुना किंवा परत आलेला फुगा शस्त्रक्रियेने बरा होतो: आतल्या बाजूला इंग्रजी एस अक्षरासारखा छेद, गुठळ्या धुऊन काढणं, आणि मग दोन्ही थर एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून पाळीभर सुमारे सेंटिमीटरभर लांबीचे गादीसारखे टाके. हे टाके पाळीच्या लांबीला समांतर असायला हवेत. आडवे पडले तर उभ्या धमन्या दाबल्या जातात आणि टोक काळं पडून गळतं. छेदाच्या कडा दोन-तीन मिलिमीटर उघड्याच ठेवतात, निचरा व्हायला; ते बघून ‘अर्धवट शिवलं’ असं समजू नका. हे टाके दोन ते तीन आठवडे राहतात.

पण कानाच्या नळीत डोकावल्याशिवाय कुणी तुम्हाला परत पाठवलं तर शस्त्रक्रिया वाया जाण्याची शक्यता मोठी. तुमच्या कुत्रीला फाटीचं दुखणं हे झटकण्याचं कारण आहेच, पण त्याच रात्री ती गव्हातून आणि बांधावरच्या कुसळी गवतातून धावली आहे. कुसळ हा सरळ पुढेच जाणारा भाला आहे. त्यावरचे बारीक काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक झटक्याबरोबर ते आणखी आत सरकतं. कुत्र्याच्या कानाची नळी इंग्रजी एल अक्षरासारखी, आधी उभी खाली आणि मग आडवी आत वळते. कुसळ त्या वळणाशी बसतं, बाहेरून दिसत नाही. ओळखायची खूण: शेतातून आल्या आल्या एकाच बाजूला डोकं कलतं करून झटकणं, त्या बाजूच्या पायाने खाजवणं, कानाच्या मुळाला बोट लावलं की किंचाळणं. इअरबड घालू नका, तो कुसळाला पडद्यापर्यंत ढकलतो. डॉक्टर हलकी भूल देऊन ऑटोस्कोपमधून लांब चिमट्याने काढतात आणि पडदा शाबूत आहे का ते बघतात. फाटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरतो, फक्त तोवर थेंब कोणते चालतील हे डॉक्टरनेच ठरवायचं. ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि मार्चमध्ये गहू पिकतो. या दोन्ही हंगामांत दररोज संध्याकाळी कान उलटून, बोटांच्या बेचक्या आणि काखा बघून कुत्र्याला आत घ्यायचं.

नळीत गूळवट तपकिरी मळ, आंबूस वास आणि दोन्ही कानांना खाज असेल तर जुना बुरशीचा किंवा जंतूंचा दाह आहे. कॉफीच्या चुऱ्यासारखी कोरडी घाण म्हणजे बहुधा कानातले माइट. त्यांचा इलाज वेगळा, पण तो फुग्याच्या इलाजाबरोबरच चालू व्हायला हवा.

वासाकडे येतो. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि उबदार दिवसांत एका दिवसात अळ्या बाहेर पडतात. जखमेच्या तळाशी काहीतरी हलतंय, आतून पातळ लालसर पाणी येतंय, कडेखाली पोकळ खिसा लागतोय, असं असेल तर अळ्या आहेत असंच धरा. फिनाइल, पेट्रोल, रॉकेल घालू नका: कातडी भाजते आणि कुत्री चाटून ते पोटात घेते. जनावरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालायची जुनी पद्धत गाई-बैलांच्या जाड कातडीवर खपून जाते; कुत्र्याच्या कानात ते झोंबून भाजतं आणि रक्तात शोषलं जातं. केस कापणं, भरपूर सलाइन, बोथट चिमट्याने एकेक अळी काढणं, आणि पुढचे तीन दिवस रोज तपासणं, हाच खरा मार्ग. अळ्या नळीत शिरल्या असतील तर भुलीशिवाय नीट निघत नाहीत. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन अंदाजाने टोचू नका. कोली या विलायती मेंढपाळी जातीच्या आणि तिच्या मिश्र वंशाच्या कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतं, आणि गावातल्या कुत्र्यात कुणाचं रक्त आहे ते दिसून कळत नाही.

दुखण्याची गोळी. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंड बिघडवतात. पॅरासिटामॉलचा सुरक्षित आणि विषारी डोस यांच्यात अंतर कमी. ॲस्पिरिनने रक्त आणखी पातळ होतं, म्हणजे नेमकं उलटं. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी भारतात २००६ पासूनच बंद आहे, गिधाडांच्या मृत्यूमुळे. कुत्र्यांसाठी बहुतेक वेळा मेलॉक्सिकॅम देतात: पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, मग रोज ०.१, खाल्ल्यावर, तीन ते पाच दिवस. हा आकडा डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडून बघण्यासाठी आहे. खूप रक्त गेलेल्या, पाणी न पिणाऱ्या किंवा प्लेटलेट कमी असलेल्या कुत्रीला तेही थांबवावं लागतं. चाव्याच्या जखमेला अँटिबायोटिक लागतं, बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, किलोमागे १२.५ ते २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि दिलेले दिवस पूर्ण करायचे. वेदना कमी झाली की झटकणं कमी होतं, म्हणून दुखण्याचं औषध इथे चैन नाही.

कानाच्या मुळाशी चावा असेल तर वेगळं बघावं लागतं. तिथे कातडीखाली लाळेची ग्रंथी आणि चेहऱ्याची नस आहे. त्या बाजूची पापणी मिटत नाही, ओठ लोंबतो, डोकं एका बाजूला कलतं किंवा बुबुळं आडवी थरथरतात, यातलं काही दिसलं तर पहिल्याच भेटीत सांगा. पापणी मिटत नसेल तर डोळा कोरडा पडून जखमी होतो, त्याला दिवसातून अनेकदा मलम लागतं.

रेबीज. कुठल्याही सस्तन प्राण्याच्या चाव्यात तो धरूनच चालायचं. कुत्रीची लस चालू असली तरी बूस्टर लगेच द्यावा आणि ४५ दिवस तिच्या वागण्यावर नजर ठेवावी. लस झालेली नसेल तर डॉक्टर सांगतील ती पूर्ण मालिका, एकही दिवस न चुकवता. आणि तुम्ही स्वतः: त्या रात्री ज्याने उघड्या हाताने जखम दाबली आणि ज्याच्या हाताला ओरखडे होते, किंवा जिला कुत्रीने दुखण्यात चावलं, त्यांनी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन सरकारी दवाखान्यात दाखवायला हवं. चार दिवस झाले तरी आज जा. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये.

एक कायद्याची बाजू, कारण कुत्री घाबरून नव्हे तर मुद्दाम सोडली जाते असं अनेक शेतांवर दिसतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ या शब्दात प्राण्याच्या मागे कुत्री लावणं, त्याला हाकणं हेही येतं. डुक्कर, ससा, रोजडा पिकात आला तरी कुत्री सोडणं गुन्हा आहे. इंदूरजवळच्या राळामंडळवर होळकरांचा शिकारगाह उभा आहे, पण तो काळ गेला. या कुत्र्यांची धावायची भूक खरी आहे. ती बंद कुंपणाच्या मोकळ्या जागेत, पहाटे, भागवता येते. रात्री मात्र तिला बांधून किंवा बंद खोलीत ठेवा. अंधारात डुकराच्या सुळ्यासमोर कारवानची पातळ कातडी काहीच नाही.

शेतावर एका डब्यात एवढं ठेवा: सलाइनच्या दोन बाटल्या, गॉझ, कापसाची गुंडाळी, तीन इंची क्रेप दोन, बोथट टोकाची कात्री, २० मिलीची सिरिंज, पोविडोन, हातमोजे, पुढून कापलेला मोजा, पेन, आणि झाकणावर तिचं ताजं वजन आणि लसीची तारीख. रात्री महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा इंदुरातल्या दवाखान्यात कोण भेटतं याची फोनवर आधीच चौकशी करून नंबर त्याच झाकणावर चिकटवा.

टाके निघाल्यावर लगेच मोकळं सोडू नका. खपली सुटताना खाज येते आणि नेमक्या त्याच दिवसांत कड पुन्हा उकलते. आणखी चार-पाच दिवस मोजा राहू द्या, कड रोज बघा, कोरडी पडली तर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. फुग्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर पूर्ण तीन आठवडे साखळीवरच फिरवा. पहिल्या मोकळ्या धावेनंतर ती परत आली की दोन्ही पाळ्या उजेडासमोर धरून बघा: आरपार गुलाबी, सारख्या जाडीची दिसली तर आत काही साठत नाहीये.